विमानात बसलेली थैली

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि आमच्या हिच्यापासून काही लपवायचं म्हणजे — जाऊ द्या, तुमच्याही घरी असेलच कुणीतरी, दारातल्या चपलेकडे बघून तुम्ही कुठं जाऊन आलात ते सांगणारं. पण ही एक गोष्ट तिलाही लागली नाही. मित्रांना नाही, पोरांना नाही. डॉक्टरने विचारलं, रक्तदाब कशाने वाढला असेल, तर मी मिठाचं नाव घेतलं. बिचारं मीठ.

तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका. तुम्ही समोर नाही, एवढंच असेल कदाचित.

धंदा माझा तोंडाचा. लग्नं, सत्कार, शाळांची स्नेहसंमेलनं, गणपतीतले कार्यक्रम — नांदेडपासून लातूरपर्यंत जिथं माइक असेल तिथं मी. पत्रिकेत 'सूत्रसंचालक' छापतात, लोक 'माइकवाले' म्हणतात. नायगावला एकदा मी सत्कारमूर्तींना श्रद्धांजली वाहिली. ते समोर बसून हार घालून घेत होते. उमरीच्या एका लग्नात नवरीच्या जागी तिच्या आत्याचं नाव पुकारलं, आणि आत्याबाई लाजल्या हो — म्हणून भांडण जास्त झालं. हे किस्से मी स्वतःच सांगत फिरतो, तिखटमीठ लावून. आपल्या फजित्या आपणच सांगणाऱ्या माणसाबद्दल लोकांचं मत फार चांगलं होतं. हा एवढं उघडं करतोय म्हणजे याच्याकडे झाकलेलं काही नसणार! हा शोध माझा. आयुष्यभर त्याच्यावर जगलो.

आणि एक गोष्ट मी किश्श्यासारखी नाही, दुःखासारखी सांगत आलो — की आमच्या आंदोलनात दगा झाला. आमच्यातलाच एक फुटला. हे मी स्टेजवर सांगितलंय, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला सांगितलंय, जावयाला सांगितलंय. सांगताना माझा आवाज थोडा बसतो. मी बसवत नाही, आपोआप बसतो — निदान पहिल्यांदा तरी आपोआप बसला होता. दगा झालेल्या माणसाला लोक फार मानतात. चहा पाजतात, खांद्यावर हात ठेवतात. आणि दगा झाला होता, यात खोटं काही नाही. फक्त —

थांबा. आधीपासून सांगतो.

नांदेडचा विमानतळ वाढणार अशी बातमी आली तेव्हा तिच्या आनंदसोहळ्याचं सूत्रसंचालन मीच केलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. 'आभाळ आता आपल्या दारात' असलं काहीतरी बोललो होतो. टाळ्याही पडल्या. मग काही महिन्यांनी अर्धापूरला शेतकऱ्यांचा मेळावा होता, तिथंही माइक माझ्याकडेच. त्या वर्षी उन्हाने केळीची पानं वाळल्या कागदासारखी झाली होती, आणि जी बाग उन्हातून वाचली ती गारांनी फाडली होती. एक वक्ते हवामानावर बोलले. कारखान्यांचा धूर, गाड्यांचा धूर, मग विमानाचा — एक माणूस एका फेरीत वर केवढा धूर सोडून येतो, आणि वरचा तो धूर खालच्यापेक्षा कसा जास्त जाचतो. लोक जांभया देत होते. मीही.

तेव्हा मागून एक बाई उठल्या. सुमनताई. अर्धापुरातच त्यांची केळी. त्या म्हणाल्या, "ह्या मांडवातले कितीजण विमानात बसले हो आजवर? हात वर करा." एकही हात नाही. म्हणाल्या, "म्हंजे बसणारे येगळे आन् भाजणारे येगळे. आसंच न्हं?"

जांभया थांबल्या. आणि मी — खरं सांगतो — मी आधी त्या वाक्याच्या प्रेमात पडलो. धूर, हवामान, केळी, हे सगळं मागाहून आलं. माइकवाल्याला आधी वाक्य ऐकू येतं. पण मागाहून आलं, हेही खरं. मी वाचलं, विचारलं, दोन रात्री झोपलो नाही. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं ते साल मी पाहिलेलं आहे. मला ते एकदम एका रेषेत दिसलं. आमची समिती झाली. सुमनताई अध्यक्ष, मी बोलका, आणि रंगाचं सगळं रशीदकडे.

रशीद म्हणजे रशीद पेंटर. फ्लेक्स आल्यापासून हाताने पाट्या रंगवणारे एकेक करून दुसऱ्या धंद्याला लागले, हा राहिला. त्याचे वडीलही हेच करायचे. माझ्या पहिल्या कार्यक्रमाची पाटी त्यानेच रंगवली होती. माझं नाव त्याने असं काही काढलं होतं की मला वाटलं, हे कुणा मोठ्या माणसाचं असावं. तेव्हापासूनची दोस्ती. तो मला "क्या माइकवाले" म्हणायचा, मी त्याला "बोला पेंटरसाहेब". सुमनताईंचं वाक्य त्याने नांदेडच्या भिंतींवर लिहिलं — 'बसणारे वेगळे, भाजणारे वेगळे'. लोक थांबून वाचायचे. काहीजण हसायचे. बाजारपेठेतले लोक म्हणायचे, विमान आलं तर तुमचं काय जातंय? आम्ही म्हणायचो, धावपट्टी राहू द्या, रेल्वेगाड्या वाढवा. ते म्हणायचे, तुम्ही विकासाचे दुश्मन. असं चालायचं.

आणि थैल्या. समितीतल्या प्रत्येकासाठी रशीदने मांजरपाटाची एकेक थैली रंगवली. जाड निळ्या रंगात, पक्क्या — धुतला तरी जाऊ नये अशा — 'मी विमानात बसत नाही'. प्रत्येक थैली त्याच्या हातची. बाजारात ती थैली घेऊन जाताना मला कोण अभिमान! मेथीची जुडी घेतानासुद्धा अक्षरं समोर येतील अशी धरायचो.

ती नुसती थैली नव्हती. विमानतळाच्या कुंपणाला लागून एक वाडी आहे, तिथं पारावर आम्ही शपथ घेतली होती. गावचे लोक बेल-भंडारा आणायला निघाले, तर एक म्हातारे म्हणाले, "आरं, रशीदभाई हायत आपल्यात. ज्वारी आणा. अन्न सगळ्यांचं आस्तंय." मग सुपात ज्वारी आली, आणि आम्ही सगळ्यांनी त्यात हात ठेवून म्हटलं — विमानात बसणार नाही.

सगळ्यांनी नाही. रशीदने हात ठेवायच्या आधी मागे घेतला. म्हणाला, "एक बात आधीच सांगून ठेवतो. अम्माला मक्केला, उमराहला नेणार हाय मी. तिची लई दिवसांची मुराद हाय, आन् माझ्याशिवाय ती जात नाय. ती एक फेरी माझी माफ असंल, तर हात ठेवतो. नसंल, तर भिंती रंगवतो, शपथ नको." सुमनताई म्हणाल्या, "आईला देवाच्या दारी न्यायला कोण न्हाई म्हणंल हो?" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याने हात ठेवला.

मी मात्र काहीच सूट मागितली नाही. मी तर आधीच कोपरापर्यंत हात घातला होता त्या सुपात.

आता ते.

दिल्लीहून फोन आला. पर्यावरणाचं कसलंसं संमेलन होतं, 'तळागाळातले आवाज' वगैरे. मला सत्काराला बोलावलं. विमानाचं तिकीट त्यांनीच काढलं, मोबाइलवर आलं. मी म्हणायला हवं होतं — रेल्वेने येतो. नांदेडहून दिल्लीला थेट गाडी आहे, आमच्याच स्टेशनातून सुटते; म्हणजे बघा, सबबीलासुद्धा जागा नाही. मी म्हणालो का तसं? मी म्हणालो, "हैदराबादवरून काढा, सोयीचं पडेल." आणि म्हणालो, "माझी एकच विनंती, फोटो कुठं छापू नका, मला प्रसिद्धीची हौस नाही." पलीकडचा माणूस माझ्या साधेपणाने भारावला.

मनात काय होतं? पन्नाशी ओलांडली होती आणि मी कधी विमानात बसलो नव्हतो. आधी स्वतःला सांगितलं, ज्याच्याशी लढायचं ते बघायला नको का? हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते आरशासमोर दोनदा म्हणालो. पण ते खरं नव्हतं. खरं एवढंच की मला बसायचं होतं. खिडकीजवळ.

घरी सांगितलं, सोलापूरला लग्न आहे, दोन दिवसांचं. हिने कपडे भरून दिले. कशात? त्याच थैलीत. नेहमीची थैली ना माझी! हैदराबादला बसमधून उतरलो तेव्हा हातात बघतो तर — मी विमानात बसत नाही. आणि मी चाललोय विमानात बसायला. दुसरी पिशवी घ्यावी, एवढंही सुचलं नाही. बसस्टँडच्या मुतारीत जाऊन थैली उलटी केली. रशीदचा रंग पक्का. अक्षरं पाठीमागून झिरपून उलटी दिसत होती, पण सहज वाचता येत नव्हती. तोंडावर मास्क, डोक्याला रुमाल. भर मे महिन्यात मी चोरासारखा दिसत होतो, आणि होतोही.

विमानतळाच्या दारावर शिपायाने ओळखपत्र मागितलं. ते थैलीच्या तळाशी. मी सगळं बाहेर काढलं — लुंगी, टॉवेल, हिने दिलेल्या दशम्या — मागच्या लायनीतले लोक वैतागले. घाईत परत भरताना थैली सुलट झाली, माझ्या लक्षातच आलं नाही. शिपायाने बघितलं. देवनागरी त्यालाही वाचता येत होती. म्हणाला, "ये क्या लिखा है?"

मी म्हणालो, "कंपनी का नाम है."

तुम्ही हसलात ना? हसा. मीही कधीकधी एकटाच हसतो या जागेवर. हा किस्सा मी स्टेजवर सांगितला असता तर मांडव डोक्यावर घेतला असता लोकांनी. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला किस्सा आहे हा, आणि तो मला कुणालाही सांगता आला नाही.

विमान आवडलं. हेही सांगायला हवं. वर गेल्यावर खालची सगळी जमीन गोधडीसारखी दिसायला लागली, तुकड्या-तुकड्यांची. आणि मग ढग, खाली. आयुष्यभर जे मान वर करून पाहिलं ते मांडीखाली! मला सुमनताई आठवल्या नाहीत. केळी आठवली नाही. मी काचेला नाक लावून बसलो होतो. शेजारची बाई हसली तरी नाक काढलं नाही.

परत आलो. सोलापूरच्या लग्नाची वर्णनंही केली घरी. जेवणात काय होतं इथपर्यंत. आणि त्याच आठवड्यात सुमनताईंचा फोन आला.

इथं मला एक शब्द सांगावा लागेल. पुस्तकातल्या मराठीत हाव म्हणजे हव्यास. आमच्याकडे हाव म्हणजे होय. आणि फोनवर हाव म्हणजे होयसुद्धा नाही, नुसतं — ऐकतोय, बोला. पलीकडचा बोलत असतो, अलीकडचा हाव, हाव करत असतो. एकाने एकदा फोनवर मला घर विकत घ्यायची अख्खी गोष्ट सांगितली, मी शेवटपर्यंत हाव म्हणालो, तर तो बयाणा मागायला दारात आला. तर तसा तो हाव. तो ध्यानात ठेवा.

सुमनताई म्हणाल्या, "सर, एक लई वंगाळ बातमी हाय."

"हाव."

"आपल्या अर्धापूरचा एक पोरगा हैदराबादला टॅक्सी चालवतो. त्यानं विमानतळाच्या दारात एकजण पाह्यला. तोंड झाकलेला. पर हातात आपली थैली, सर! आपलीच, निळ्या अक्षराची."

"हाव."

"रशीदभाई त्याच दिसांत हैदराबादला गेल्ते न्हं? मामेभावाच्या लग्नाला?"

"हाव." — गेला होता, खरंच. बैठकीत सांगून गेला होता. एसटीने. मीच त्याला स्टँडवर सोडायला गेलो होतो.

मग त्यांनी आवाज खाली आणला. त्यांना बोलवत नव्हतं. म्हणाल्या, "मग... त्येच आसतील का हो, सर?"

"हाव."

फोन ठेवला त्यांनी. मीही ठेवला.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की तो आमच्याकडचा फोनवरचा हाव होता. ऐकतोय, बोला. सवयीने निघाला तोंडातून. यात माझा काय दोष? त्यांनी तो होय म्हणून घेतला असेल तर — भाषेचा घोळ! असे घोळ आमच्याकडे रोज होतात. किती छान सबब आहे बघा. इतकी छान की एखाद्या मेळाव्यात यावर व्याख्यान देता येईल.

पण आज तुम्हाला सांगतो. तो होयच होता. त्यांनी विचारलं आणि माझं उत्तर तयार होतं. विचार करायला पापणी लवण्याएवढा वेळ होता, आणि तेवढ्या वेळात मी सगळं बघितलं — की रशीदने सूट आधीच मागितलेली आहे, सगळ्यांसमोर, की तो हैदराबादला गेलेला आहे, आणि तिसरं. तिसरं लिहायला हात थांबतोय. तिसरं असं की तो रशीद आहे. त्याच्याबद्दल काही सांगितलं की लोकांना पटायला फार वेळ लागणार नाही, हे मला माहीत होतं. माझ्याबद्दल लागला असता. आम्ही इतकी वर्षं एका ताटात जेवलो, त्याच्या ईदला माझी पोरं त्याच्या घरी आणि माझ्या दिवाळीला त्याची पोरं माझ्या घरी — आणि वेळ आली तेव्हा मी ती गोष्ट खिशातून काढून वापरली. म्हणजे ती माझ्या खिशात होतीच की. कधीपासून होती?

बैठक भरली. त्याच वाडीत, शपथेच्या पारावर. रशीद आला, नेहमीसारखा, बोटांना रंग. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकाने विचारलं, विमानात बसलास का, तर तो म्हणाला, "काय बोलून राहिलात? मी लग्नाला गेल्तो." दुसरा म्हणाला, "थैली तुझ्या हातची व्हती." रशीद म्हणाला, "थैल्या सगळ्याच माझ्या हातच्या हायत रे!" काहीजण हसले. मग कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "ज्यानं आधीच सूट मागितली, त्याचंच मन व्हतं बसायचं." आणि आणखी कुणीतरी आणखी काहीतरी म्हणालं, ते मी लिहीत नाही. ते रशीदलाही ऐकू गेलं.

तो माझ्याकडे वळला. रागाने नाही. मदतीला वळला. त्याला वाटलं, हा बोलेल. बोलणं हाच तर याचा धंदा.

माझ्या हातात माइक होता. माझ्या हातात नेहमीच माइक असतो. आणि आमच्या धंद्यात एक युक्ती आहे — मांडवात काही बिनसलं, कुणी भांडायला उठलं, वक्ता भलतंच बोलला, की सूत्रसंचालकाने आवाज गोड करायचा आणि एक वाक्य म्हणायचं. मी ते म्हणालो.

"आपण आता पुढच्या विषयाकडे वळूया."

रशीद माझ्यावरची नजर काढून लोकांकडे वळला. मग म्हणाला, "ज्वारी आणा." कुणी उठेना. तो स्वतः जवळच्या घरात गेला, मूठभर घेऊन आला, पारावर ठेवली. त्यावर हात ठेवला. म्हणाला, "ती जी एक फेरी माफ केली होती ना तुम्ही, ती वापस घ्या. अम्माला पण नाय नेत. आता तर खूश?" आणि गेला.

सुमनताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. कशाचं, ते मी विचारलं नाही. त्यांना वाटत होतं, त्यांच्याशी दगा झाला. रशीदला वाटत होतं, त्याच्याशी झाला. दोघांचंही खरं होतं, आणि दगा करणारा मधे उभा राहून पुढच्या विषयाकडे वळत होता.

समिती त्यानंतर फार टिकली नाही. विमानतळाच्या जनसुनावणीत समोरच्या बाजूने टोमणा मारला, "तुमचीच माणसं लपून विमानात बसतात म्हणे." केळी वाळायची ती वाळतच राहिली. सुमनताईंनी मला नंतर विचारलं नाही काही. बाजारात भेटल्या की नमस्कार करतात, सर म्हणतात, पुढं जातात. आणि रशीदने नांदेडचं दुकान बंद करून लातूर गाठलं, सासुरवाडीला. भिंतीवरची अक्षरं बरीच वर्षं राहिली. पक्का रंग.

मी काय केलं? मी त्याचा किस्सा केला. नाव घ्यायचो नाही, तेवढी सभ्यता पाळली. 'आमच्यात एक होते, आभाळ वाचवायला निघाले आणि आभाळातच जाऊन बसले' — इतकंच म्हणायचो. पण 'एक होते' म्हणताना बोटाने हवेत अक्षरं काढायचो, पेंटरसारखी. ज्यांना कळायचं त्यांना कळायचं. ते सगळ्यात जोरात हसायचे. मग मी आवाज बसवून दगा झाल्याचं सांगायचो. हसवून रडवणं — फार वाखाणलं लोकांनी.

गेल्या वर्षी लातूरला काही तरुण मंडळींनी बोलावलं. तिथल्या विमानतळाविरुद्ध त्यांची हीच चळवळ, हाच विषय. 'अनुभवी मार्गदर्शक' म्हणून मी. बोललो, चांगलं बोललो. खाली उतरलो तर समोर रशीद. दाढी पांढरी झालेली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि — हसू नका — हलकं वाटलं मला. त्याने मला मिठी मारली.

"क्या माइकवाले! चल घरी."

घर गंज गोलाईच्या बाजारापासून फार लांब नाही. वाटेत तोच बोलत होता. म्हणाला, त्याने पुष्कळ विचार केला, ती अफवा नक्की विमानतळाच्या ठेकेदारांनीच उठवली असणार, समिती फोडायला. म्हणाला, "तुला त्या दिवशी बोलता नाय आलं, मला कळलं होतं. तुला कुणी बोलू दिलं असतं का? पण माझ्यामागं तूच एकटा माझ्या बाजूनं बोलला असशील. मला माहीत हाय."

इथं वेळ होती. रस्त्यावर फारशी माणसं नव्हती, तो माझा हात धरून चालत होता. मी म्हणालो, "जाऊ दे रे, जुनं झालं." त्याने ते मोठेपणा म्हणून घेतलं.

घरात अम्मा पलंगावर होत्या. कमरेचं हाड मोडल्यापासून उठता येत नाही. रशीदच्या बायकोने चहा दिला. रशीद हळू आवाजात म्हणाला, "अन्नावर हात ठेवला होता ना. म्हणून नाय नेलं. भाऊ म्हणत होता, मी नेतो, पण अम्मा म्हणे रशीदसंगंच जाईन. मग पडली." तो हे गाऱ्हाणं म्हणून सांगत नव्हता. पावसाचं सांगावं तसं सांगत होता. अम्मा पडायच्या आधी बरीच वर्षं गेली होती. त्या सगळ्या वर्षांत त्या चालत्या-फिरत्या होत्या. त्यातल्या कुठल्याही दिवशी मी एक फोन केला असता, तर —

केला नाही.

अम्मांनी मला जवळ बोलावलं. त्यांना मी चांगला आठवत होतो. इकडचं तिकडचं विचारलं, पोरांचं, बायकोचं. मग एकदम म्हणाल्या, "बेटा, तू तो बहुत फिरा हुंगा. बैठा क्या कबी हवाई जहाज में? कैसा दिखता रे ऊपर से?"

त्यांना खरंच ऐकायचं होतं. डोळे लहान मुलीसारखे झाले होते. आता त्यांना तिथवर पोचायला तेवढीच एक वाट उरली होती, कुणीतरी सांगितलेलं ऐकायची. आणि मला सांगता आलं असतं हो. माझ्याइतकं चांगलं कुणालाच सांगता आलं नसतं. गोधडीसारखी जमीन, मांडीखालचे ढग, काचेचा गारवा — मी त्यांना पलंगावरून उचलून वर नेऊन आणलं असतं.

रशीद शेजारीच बसला होता.

मी म्हणालो, "नहीं अम्मा. मैं कबी नहीं बैठा."

त्यांना वाईट वाटलं. स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी. त्यांनी चादरीतून हात बाहेर काढला. "कोई बात नै बेटा," म्हणाल्या. "मैं बी नै बैठी, तू बी नै बैठा. अपन दोनों यहींच के." आणि दुवा द्यायला माझ्या डोक्याकडे हात न्यायला लागल्या. पडल्या पडल्या त्यांचा हात पोचत नव्हता.

मी खाली वाकलो, आणि त्यांच्या हाताखाली डोकं दिलं.